सतराव्या खिडकीतली अर्धी फुली

दिनानाथ सावेला कुणी अंदाज विचारू नये. लग्नात किती पानं उठली, सभेला किती माणसं होती, असं काही विचारलं की तो म्हणायचा, "मोजलं नाही." विषय संपला. सातिवलीला पाइपांचे सांधे बनवणाऱ्या एका कारखान्यात तो चौतीस वर्षं स्टोअर सांभाळत होता. वर्षअखेरीला मालाची मोजदाद निघाली की मालक इतरांना सांगायचा, "तुम्ही मोजा, आणि मग किती आहेत ते दिनानाथला विचारा."

राहायला तो उमेळ्याला. वडिलांच्या वाडीतला एक तुकडा उरला होता. त्यात घर, मागे थोड्या केळी आणि दोन सोनचाफे. उरलेल्या जागेवर भावांनी सात मजली इमारत उभी राहू दिली. दिनानाथने त्यावर काही म्हटलं नाही. आनंद झाला, वाईट वाटलं, असली भाषा त्याच्या तोंडी नव्हतीच. त्याची बायको मनोरमा शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे हवापाणी बारा महिने सारखंच."

त्या तुकड्यामुळे तो बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा सभासद होता. पंचक्रोशीतली फुलं आणि भाजी गोळा करून ही संस्था रोज दादरला धाडते. दर पाच वर्षांनी तिच्या अकरा संचालकांची निवडणूक होते, कागदी मतपत्रिकेवर, फुलीचा शिक्का मारून. चौऱ्याण्णव साली मोजायला माणूस कमी पडला म्हणून कुणीतरी दिनानाथला बसवलं, आणि तेव्हापासून ती जागा त्याची झाली. अधिकारी बाहेरून येत आणि बदलत, मोजणारे हात तेच राहत. सहा निवडणुकांत त्याची मोजणी एकदाही फिरली नव्हती. दोनदा फेरमोजणी झाली, दोन्हीदा आकडा तोच आला. पडलेले उमेदवार निवडणुकीला शिव्या देत, सभासदांना देत, एकमेकांना देत. मोजणीला कुणी दिल्या नाहीत. या मार्चमध्ये नोकरी संपणार होती, आणि ही सातवी मोजणी आपली शेवटची, असं त्याने संस्थेला कळवून टाकलं होतं.

पण या वेळी मोजणीनंतर लगेच निकाल जाहीर होणार नव्हता. मागच्या निवडणुकीनंतर कुणीतरी मोबाइलवर सोडून दिलं होतं की गठ्ठे बदलले. वार्षिक सभेत त्यावरून खुर्च्या उचलल्या गेल्या. शेवटी सभेने ठराव केला की पुढच्या वेळी निकालाआधी मतपत्रिकांची संगणकाच्या मदतीने पडताळणी करायची. त्यासाठी विरारची अक्षया देवगडकर नावाची मुलगी बोलावली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. रविवारी सकाळी ती लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन वसई गावातल्या संस्थेच्या सभागृहात आली, तेव्हा मितेश राऊत दारातच उभा होता. मितेशचे वडील पांडुरंग राऊत छत्री पॅनेलचे उमेदवार. त्यांच्या बाजूने मोजणीवर लक्ष ठेवायला तो बसणार होता.

"दिनूकाका, आली बघा तुमची सवत," मितेश म्हणाला. "आता ही मोजणार, तुम्ही चहा प्या."

"मी काही मोजणार नाही," अक्षया म्हणाली. "मोजणार काकाच. संगणक फक्त सांगणार, कुठला कागद उघडून बघायचा ते."

"म्हणजे संशय तो घेणार, मेहनत काकांची!" हे म्हणाला फर्डिनंड तुस्कानो. समोरच्या कपबशी पॅनेलने त्याला बसवलं होतं. साठीचा, दणकट, बोलायला लागला की शेजारच्या खोलीत ऐकू जाणारा.

दिनानाथ म्हणाला, "पेट्या आणा."

मोजायची पद्धत त्याची स्वतःची होती. मतपत्रिकेवर चोवीस नावं. छत्रीची अकरा, कपबशीची अकरा, दोन अपक्ष. मतदाराने जास्तीत जास्त अकरा फुल्या मारायच्या. पुष्कळ लोक डोळे मिटून एका पॅनेलला अकराच्या अकरा देतात. असे कागद वेगळे काढून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधले की काम अर्ध्यावर येतं. ते ओळखायला दिनानाथ जुन्या फाइलच्या पुठ्ठ्याची जाळी कापायचा. पॅनेलच्या अकरा नावांसमोर अकरा खिडक्या. जाळी कागदावर ठेवली आणि सगळ्या खिडक्यांत फुली दिसली की सरळ पॅनेल. जाळी उचलताना बारावी फुली नाही ना, एवढं बघायचं. नाहीतर कागद फुटकळ मतांच्या ढिगात, तो एकेक नाव वाचून मोजायचा. त्याच्या हाताला मिनिटाला वीस कागदांचा वेग होता.

फुटकळ ढीग या भागात नेहमीच मोठा. "दहा पॅनेलला, एक नात्याला," ही इथली जुनी रीत. माणूस पॅनेलशी बांधलेला असतो, पण समोरच्या पॅनेलमध्ये मावसभाऊ किंवा चुलत भावजय उभी असली तर एक फुली तिकडे जाते. पॅनेलवालेही ते धरून चालतात. यंदा तर पांडुरंग राऊत छत्रीत आणि त्यांच्याच भावकीतल्या प्रेमला राऊत कपबशीत. आडनाव एक, म्हणून मतपत्रिकेवर शेजारी शेजारी. सतरावं घर पांडुरंगचं, अठरावं प्रेमलाबाईंचं.

साडेबाराला मोजणी संपली. एकूण अठराशे शेहेचाळीस कागद. छत्रीचे सरळ तेवीस गठ्ठे, कपबशीचे वीस, फुटकळ सातशे तेहतीस, बाद अडतीस. दहा जागांचा निकाल स्वच्छ होता. अकराव्या जागेला पांडुरंग राऊत नऊशे अकरा, प्रेमला राऊत नऊशे चार.

"सात," मितेश म्हणाला आणि लगेच फोनवर बोटं चालवायला लागला. निवडणूक अधिकाऱ्याने त्याला फोन खाली ठेवायला लावला.

"अजून काही जाहीर झालेलं नाही," अधिकारी म्हणाला.

"होईल हो. काकांची मोजणी आहे."

जेवणाच्या वेळात अक्षयाने गठ्ठ्यांच्या क्रमाने सगळे कागद स्कॅन केले. दिनानाथने डबा बाजूला बसून खाल्ला. प्रत्येक गठ्ठा परत आला की तो पंचवीस मोजून घेई आणि रबर चढवी. मशीनने एकही कागद दुमडला नाही. त्याने ते पाहिलं, बाकी मनात काही आलं नाही.

मग अक्षयाने पडताळणीची तऱ्हा सांगितली. एकशेवीस कागद चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे. आकडे आधी ठरवून आणले असा आरोप नको, म्हणून सुरुवातीचे अंक सगळ्यांसमोर काढायचे, त्यावरून संगणक एकशेवीस कागदांची यादी करील. तेच अंक घालून घरी कुणीही यादी पडताळून बघावी. अंक काढायला काय, तर फर्डिनंडने चर्चच्या सभागृहातून हाउजीच्या खेळातली, आकड्यांच्या सोंगट्यांची पिशवी आणली होती. ती हलवून त्याने सोंगट्या काढायला सुरुवात केली आणि आवाज चढला. "एट्टी एट, टू फॅट लेडीज! कुणाची फर्स्ट लाइन झाली का?"

"फर्डी, नुसता आकडा सांग," दिनानाथ म्हणाला.

दहा सोंगट्या निघाल्या. अक्षयाने बटण दाबलं. पडद्यावर यादी आली. गठ्ठा क्रमांक, कागद क्रमांक. दिनानाथ गठ्ठा काढी, कागद मोजून बाहेर घेई, अधिकारी फुल्या मोठ्याने वाची, अक्षया टिपून घेई. एक, दोन, दहा, तीस. सगळे जुळत गेले. पंखा फिरत होता. मितेश जांभया देत होता.

"त्रेचाळिसावा. छत्रीचा गठ्ठा सतरा, कागद नववा."

दिनानाथने नऊ मोजले आणि कागद दिला. अधिकारी वाचू लागला. "दोन. तीन. पाच. आठ. नऊ. अकरा. तेरा. चौदा. अठरा..." तो थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला. "सतरा नाही. अठरा आहे. प्रेमला राऊत."

फर्डिनंड खुर्चीतून उठला. मितेशही उठला. दिनानाथ बसूनच राहिला. त्याने हात पुढे केला, कागद घेतला आणि पाहिला. फुली अठराव्या घरात होती, घराच्या वरच्या रेघेला चिकटून, पण घरातच. बाकी दहा छत्रीला. दहा पॅनेलला, एक नात्याला. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत त्याचीच सही. छत्रीचे सगळे गठ्ठे त्यानेच लावले होते.

त्याला वाटलं की आता छातीत धडधडेल. तसं काही झालं नाही. समोरच्या कपातल्या चहावर साय धरली होती, ती तो बघत राहिला.

"एकच तर कागद आहे," मितेश म्हणाला. "काका, फुटकळमधला चुकून आला असेल ना इकडे? टेबल एकच, पंखा चालू. उडतो एखादा."

मितेशने खुर्ची दिनानाथच्या टेबलाजवळ ओढली.

"काका, मी काय म्हणतो. तुम्ही नुसतं हो म्हणा. तुमच्या शब्दावर इथे कोण बोट ठेवणार आहे?"

हे खरं होतं. अधिकाऱ्याने पेन उचललं होतं. फर्डिनंडसुद्धा त्याच्याकडे पाहत होता, आणि तोसुद्धा मानला असता. दिनानाथने हो म्हटलं असतं तर एक कागद चुकून सरकला अशी नोंद झाली असती, पांडुरंगचं एक मत कमी, प्रेमलाबाईंचं एक जास्त. सातचा फरक पाचवर आला असता, आणि मोजणी टिकली असती. तीस वर्षांची मोजणी टिकली असती. त्याने हा हिशेब सरळ मांडला. स्टोअरमधले एल्बो किती, टी किती, तसा.

मग त्याने टेबलावरची पुठ्ठ्याची जाळी उचलली आणि त्या कागदावर नीट कडेला कड लावून ठेवली.

"साहेब, इकडे या," तो म्हणाला.

सतराव्या खिडकीत, पांडुरंगच्या घरासमोरच्या, खालच्या बाजूला, अर्धी फुली दिसत होती. प्रेमलाबाईंच्या फुलीचा वरचा अर्धा भाग.

"लोक शिक्का तिरका मारतात, अर्धा उठतो. म्हणून अर्धी दिसली तरी मी धरतो," दिनानाथ म्हणाला. "ही अर्धी दिसली, मी धरली. कागद उडून आलेला नाही. मीच घातलाय."

"पण खिडकी घराच्या बाहेर कशी गेली?" अक्षयाने विचारलं.

त्याने सांगितलं. दोन हजार नऊ साली छपाईत कागद सरकला होता, निम्म्या मतपत्रिकांवरची घरं खाली उतरली होती, आणि जाळी जुळेना. तेव्हा त्याने प्रत्येक खिडकी खालून एक सूत, तीनेक मिलिमीटर, वाढवली, म्हणजे कुणाचं खरं मत झाकलं जाऊ नये. पुढच्या वेळी छपाई चांगली आली, तरी नवी जाळी कापताना ते सूत त्याने राहू दिलं. असलेलं बरं, म्हणून. यंदा चोवीस नावं एका पानावर बसवायला घरं बारीक केली होती. ते सूत शेजारच्या घरात चांगलंच आत गेलं.

"इतर खिडक्यांचंही तसंच?"

"तसंच. पण तिथे नातं नाही. तिथे कुणी शेजारच्या घरात फुली मारून पॅनेल फोडत नाही. इथे मारली असणार." त्याने जाळी उचलून बाजूला ठेवली. "असे आणखी निघतील. छत्रीचे सगळे गठ्ठे बघा."

"काका!" मितेशचा आवाज चिरका झाला. "एकशेवीस बघायचे ठरले होते ना? तेवढे बघा आणि संपवा."

अक्षया म्हणाली, "बाकीच्या दहा जागांना एकशेवीस पुरतात, तिथे फरक शेकड्यांत आहे. सात मतांच्या फरकाला नमुना पुरत नाही. फरक थोडा असला तर सगळं बघावं लागेल, हे मी सकाळीच लिहून दिलं होतं."

"ते कोण वाचतं?"

"मी वाचलं होतं," अधिकारी म्हणाला.

मग अक्षयाने छत्रीच्या पावणेसहाशे कागदांची चित्रं पुन्हा संगणकातून घातली, आणि ज्यांत अकरा फुल्या त्या अकरा घरांत बसत नाहीत तेवढी वेगळी काढायला लावली. सोळा चित्रं पडद्यावर आली. निकाल चित्रावर द्यायचा नाही, कागदावर द्यायचा, असं ठरावातच होतं. दिनानाथ एकेक गठ्ठा सोडत गेला. सोळापैकी एका कागदावर घडीमुळे ओली शाई दुसरीकडे उठली होती. फुली पांडुरंगच्याच घरात होती, अठराव्या घरात नुसता तिचा उलटा डाग. अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंना दाखवून तो कागद परत गठ्ठ्यात घातला. उरलेले पंधरा खरे होते. पंधराही राऊतांच्या नात्याचे.

पांडुरंग आठशे शहाण्णव. प्रेमला नऊशे एकोणीस.

बाहेर ओट्यावर प्रेमलाबाई थांबल्या होत्या. कुणीतरी जाऊन सांगितलं तशा त्या दारात आल्या. पदर खांद्यावर ओढून त्यांनी आत पाहिलं, मितेशकडे पाहिलं, आणि हसू आलेलं गिळलं. "दिनूभावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही काय ते बरोबरच केलं असेल."

"नाही," दिनानाथ म्हणाला. "चुकलं होतं."

अधिकाऱ्याने कोरा कागद पुढे सरकवला आणि लेखी द्यायला सांगितलं. दिनानाथने लिहिलं की सरळ पॅनेलचे गठ्ठे लावताना वापरलेल्या जाळीच्या खिडक्या घरापेक्षा मोठ्या होत्या, त्यामुळे पंधरा मतं चुकीच्या उमेदवाराला धरली गेली, आणि ही चूक त्याची एकट्याची आहे. सही केली, तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

मितेश वडिलांना फोन करत बाहेर गेला. जाताना दिनानाथजवळ थांबला. "मोठं नाव झालं काका तुमचं," म्हणाला. "आमची जागा घालवून झालं." दिनानाथने मान हलवली. होकार होता की नकार, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

अक्षया वायरी गुंडाळत होती. तिला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. "काका, तुम्ही जाळी ठेवून दाखवली नसती, तर मला कारण कधीच कळलं नसतं. मशीनला एवढंच कळतं की जुळत नाही."

"मागच्या मोजण्यांचं बघता येईल का?" दिनानाथने विचारलं.

"कागद असतील तर येईल."

कागद नव्हते. मुदत संपली की मतपत्रिका लगद्याला जातात. दोन वेळा तर त्याने स्वतः पोती मोजून गाडीत चढवली होती. फेरमोजणीत आकडा तोच का येत होता, तेही त्याला आता कळलं. फेरमोजणीत गठ्ठे मोजत, एकेका गठ्ठ्यात पंचवीस आहेत की नाहीत ते बघत. तिथे पंचवीसच असत. ते त्याने कधी चुकू दिलं नव्हतं.

संध्याकाळी पाच वाजता फर्डिनंडने स्कूटर काढली. "बस दिनू. उमेळ्याला सोडतो."

वसईच्या बाजारातून बाहेर पडेपर्यंत फर्डिनंड गप्प होता, आणि फर्डिनंड गप्प असणं ही साधी गोष्ट नव्हती. त्याचं पॅनेल एक जागा जिंकलं होतं. अर्ध्या वाटेत त्याने स्कूटर एका वडाखाली बाजूला घेतली, बंद केली, पण उतरला नाही. मागेही वळला नाही.

"चौदा साली मी उभा होतो. चार मतांनी पडलो."

"आठवतं."

"तूच मोजलंस."

"हो."

"माझ्या साडूच्या घरात चार मतं होती," फर्डिनंड म्हणाला. "तो, त्याची बायको, दोन मुलगे. मला वाटलं, यानेच घात केला. दुसरं कोण करणार? बरोबर चार. मी त्याच्या घरची पायरी सोडली. बायकोला बहिणीकडे जाऊ दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला, मी मयताला गेलो नाही. गावातच होतो."

एक रिक्षा गेली, मागून एक टेम्पो.

"मतपत्रिकेवर माझ्या वरच्या घरात कोण होता चौदा साली? आठवतो तुला?"

"नाही आठवत."

"मलाही नाही." फर्डिनंडने आरसा पुसला. "मी पडलो होतो का, दिनू?"

"सांगता येणार नाही."

"म्हणजे नव्हतो पडलो?"

"म्हणजे सांगता येणार नाही. कागद नाहीत."

"अंदाज?"

दिनानाथच्या तोंडाशी 'मोजलं नाही' आलं; पण मोजलं तर त्यानेच होतं. फर्डिनंडने आरसा सरळ केला. मग किक मारली.

उमेळ्याला घरासमोर तो उतरला. फर्डिनंडने हात केला आणि स्कूटर वळवली. मनोरमा ओटीवर भाजी निवडत होती. तिने स्कूटरचा आवाज ओळखला होता.

"फर्डीभाऊ ना ते? चहा न घेता गेले?"

"गेला."

"असं कधी करत नाहीत. तुम्ही बोलावलं नाहीत का आत?"

"नाही बोलावलं," दिनानाथ म्हणाला. त्याने चपला काढल्या, जोडीने भिंतीला लावल्या, आणि हातपाय धुवायला मागच्या दारी गेला.